नळाचे पाणी आणि बेडकाचे हृदय : डॉक्टर सिडनी रिंगर यांचे चरित्र

आजाऱ्याच्या खाटेजवळ लोखंडी दांडीस टांगलेली औषधी पाण्याची बाटली आमच्या वाचकांपैकी कोणी पाहिली नाही, असे क्वचितच असेल. लोक तिला सरसकट 'सलाईन' म्हणतात. परंतु बाटलीवरील चिठ्ठी वाचण्याची तसदी घेतली तर पुष्कळ वेळा तिजवर 'रिंगर लॅक्टेट' अशी अक्षरे आढळतात, आणि रुग्णालयातील परिचारिका तिलाच थोडक्यात 'आर. एल.' असे म्हणतात. यांपैकी लॅक्टेट हे एका क्षाराचे नाव होय. रिंगर हे मात्र एका मनुष्याचे नाव आहे. ज्याचे नाव दररोज सहस्रावधी रुग्णांच्या उशाशी टांगलेले असते तो मनुष्य कोण, कोठला, आणि त्याने केले तरी काय, हे आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस ठाऊक असावे, या हेतूने हे अल्प चरित्र आम्ही येथे सादर करीत आहो.

सिडनी रिंगर यांचा जन्म 1835 साली इंग्लंडच्या पूर्व भागातील नॉर्विच या शहरी झाला. त्यांचे घराणे व्यापारी असून धर्माने ते 'नॉन-कन्फॉर्मिस्ट', म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चशी संबंध न ठेवता आपल्या सद्सद्विवेकास पटेल तशी उपासना करणाऱ्या ख्रिस्ती मंडळींपैकी होते. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण तिचा त्यांच्या विद्याभ्यासाशी प्रत्यक्ष संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन पुरातन विद्यापीठांची पदवी अशा लोकांस मिळत नसे. विद्या पाहिजे असेल तर प्रथम आपले मत सोडा, असा तो प्रकार होता. या अन्यायावर उपाय म्हणूनच लंडन येथे 1826 साली एक नवे विद्यालय स्थापन झाले; तेच पुढे युनिव्हर्सिटी कॉलेज या नावाने प्रसिद्धीस आले. तेथे कोणासही त्याचा धर्म विचारीत नसत. तरुण रिंगर 1854 साली याच कॉलेजात वैद्यक शिकण्यास दाखल झाले, आणि 1860 साली तेथूनच पदवी घेऊन बाहेर पडले. 'बाहेर पडले' असे आम्ही रूढीने लिहिले खरे, परंतु ते बाहेर असे कधी पडलेच नाहीत. पुढील चाळीस वर्षे त्यांनी त्याच कॉलेजात व त्याला जोडलेल्या रुग्णालयात काढली.

त्यांचे एक बंधू फ्रेडरिक हे मात्र अगदी निराळ्या वाटेने गेले. ते जपानात नागासाकी बंदरात जाऊन मोठे व्यापारी झाले, आणि त्या देशात एका खानावळीच्या मंडळीने आपल्या दुकानांस त्यांचे नाव दिले आहे. एका भावाचे नाव औषधाच्या बाटलीवर, तर दुसऱ्याचे खानावळीच्या पाटीवर, असा हा चमत्कारिक योग आहे! असो.

रुग्णालयात रिंगर यांची बढती झपाट्याने झाली. 1863 साली ते एम. डी. झाले व त्याच वर्षी साहाय्यक वैद्य म्हणून नेमले गेले. 1866 साली त्यांस पूर्ण वैद्याची जागा मिळाली. मध्यंतरी काही वर्षे ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील मुलांच्या रुग्णालयातही ते काम करीत असत. पुढे औषधिशास्त्राचे, नंतर वैद्यकाचे, आणि 1887 पासून रुग्णशय्येजवळ बसून शिकविण्याच्या वैद्यकाचे ते प्राध्यापक झाले. खाटेजवळ उभे राहून विद्यार्थ्यांस रोग ओळखावयास शिकविणे हा त्यांचा हातखंडा होता. 1869 साली त्यांनी औषधोपचारांवर एक ग्रंथ लिहिला. कोणते औषध कोणत्या रोगावर द्यावे, त्याचा परिणाम प्रत्यक्ष काय होतो, हे अनुभवाच्या आधारे सांगणारा तो ग्रंथ इतका लोकप्रिय झाला की 1897 पर्यंत त्याच्या तेरा आवृत्त्या निघाल्या. त्या काळी रिंगर हे नाव वैद्य मंडळीत प्रसिद्ध होते ते या ग्रंथामुळे. तो ग्रंथ आज कोणी उघडीत नाही. त्यांचे नाव टिकले ते दुसऱ्याच कामामुळे, आणि ते काम त्यांनी दिवसाच्या फावल्या वेळात केले.

दिवसभर रोगी, विद्यार्थी व स्वतःचा खासगी धंदा यांत गुंतलेल्या या गृहस्थांनी कॉलेजातील शरीरव्यापारशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक लहानशी जागा मिळविली होती. रुग्णालयात जाता-येता ते तेथे डोकावत, मदतनिसाने मांडून ठेवलेला प्रयोग पाहत, टिपणे करीत आणि पुन्हा आपल्या रोग्यांकडे वळत. असे करता करता 1875 ते 1895 या वीस वर्षांत त्यांनी तीसांहून अधिक शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केले. ज्यांना दिवसभराच्या कामापुढे वाचावयास सवड होत नाही अशी आमच्यासारख्यांची नेहमीची तक्रार असते, त्यांनी या आकड्याकडे जरा पाहावे.

आता त्यांनी हाती घेतलेला प्रश्न कोणता, ते पाहू. बेडकाचे हृदय शरीरापासून काढले तरी काही काळ ते आपले आपण उडत राहते, ही गोष्ट पुष्कळ दिवसांपासून ठाऊक होती. 1866 साली जर्मनीतील लाइप्झिग येथे लुडविग यांच्या प्रयोगशाळेत सियॉन नामक शास्त्रज्ञाने असे हृदय काचेच्या नळ्यांस जोडून, त्यातून द्रव खेळता ठेवून, ते जिवंत ठेवण्याची युक्ती काढली. द्रव म्हणून रक्त किंवा रक्ताचा पातळ भाग वापरला की हृदय तासन्‌तास चाले. परंतु रक्त म्हणजे शेकडो पदार्थांची खिचडी. तीत प्रथिने आहेत, साखर आहे, स्निग्ध द्रव्ये आहेत, निरनिराळे क्षार आहेत. यांपैकी हृदयाला चालविते ते नेमके कोण? रिंगर यांनी असे ठरविले की रक्तातील एकेक घटक पाण्यात मिसळून त्या पाण्यावर हृदय कसे वागते ते क्रमाने पाहावे. पद्धत अगदी साधी, आमच्या नववीच्या वर्गातील विद्यार्थ्यालाही कळेल अशी होती.

1882 साली त्यांनी आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. पाण्यात शेकडा पाऊण भागाच्या आतबाहेर साधे मीठ घालावे, त्यात पोटॅशियमच्या क्षाराचा किंचित अंश मिसळावा, की एवढ्यावर बेडकाचे हृदय उत्तम चालते, असा त्याचा इत्यर्थ होता. निबंध छापला गेला. विद्वान मंडळींनी तो वाचला. रिंगर त्या वेळी सत्तेचाळीस वर्षांचे, मोठ्या रुग्णालयाचे वैद्य आणि गाजलेल्या ग्रंथाचे कर्ते होते. त्यांच्या शब्दाविषयी शंका घेण्याचे कोणास कारण नव्हते.

परंतु लवकरच काहीतरी बिनसले. पूर्वी ज्या मिठाच्या पाण्यात हृदय तासन्‌तास उडत असे, त्याच पाण्यात ते आता वीस मिनिटांच्या सुमारास मंद होऊन थांबू लागले. मीठ तेच, माप तेच, बेडूक त्याच जातीचे. मग फरक कोठे पडला? शोध करिता असे निष्पन्न झाले की आधीच्या प्रयोगांत मिठाचे पाणी तयार करण्यासाठी ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेले शुद्ध पाणी वापरलेच गेले नव्हते. थेट नळाचे पाणी वापरले गेले होते!

हे कसे घडले, याची एक गोष्ट पुढे सर हेन्री डेल यांनी सांगून ठेविली आहे. डेल हे स्वतः मोठे शास्त्रज्ञ. 1936 साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. तरुणपणी ते त्याच प्रयोगशाळेत काम करीत असता फील्डर नावाच्या तेथील जुन्या मदतनिसाने त्यांस आपला पराक्रम ऐकविला. डॉक्टरसाहेब येणार घाईघाईने आणि जाणार घाईघाईने. त्यांच्यासाठी पाणी उकळून, त्याची वाफ थंड करीत तासन्‌तास कोण बसणार? तोटी सोडली की पाणी तयार, आणि साहेबांना ते कळणार तरी कसे? असा फील्डरबुवांचा विचार होता. शाळेत ज्यांनी कधी प्रयोगाची वही 'आधीच ठाऊक असलेल्या' आकड्यांनी भरली आहे, त्यांना फील्डर यांचा स्वभाव ओळखीचा वाटेल. रिंगर यांनी स्वतः मात्र आपल्या निबंधात कोणाचेही नाव घेतले नाही किंवा कोणावर ठपका ठेवला नाही.

येथे आम्ही वाचकांस क्षणभर थांबण्याची विनंती करतो. अशा प्रसंगी मनुष्यापुढे तीन वाटा असतात. पहिली, काहीच बोलू नये. निबंध छापून झाला आहे, आणि नळाची गोष्ट प्रयोगशाळेच्या चार भिंतींच्या बाहेर गेलेली नाही. दुसरी, मदतनिसाला रागे भरावे, जुने प्रयोग टाकून द्यावेत आणि शुद्ध पाण्याने सगळे मुकाट्याने नव्याने करावे. रिंगर यांनी तिसरी वाट धरली. 1883 साली प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या निबंधाच्या अगदी आरंभीच त्यांनी सांगून टाकले की पूर्वीचे प्रयोग नळाच्या पाण्याने झाले होते, आणि जो गुण आपण मिठाकडे व पोटॅशियमकडे दिला तो वस्तुतः त्या पाण्यातील कोणत्या तरी दुसऱ्या पदार्थाचा आहे. एवढे कबूल करून ते थांबले नाहीत. आमच्या मते खरी तारीफ आहे ती पुढेच. चूक कळल्यावर पुष्कळ लोक ती पुसून टाकतात. रिंगर यांनी तीच विचारण्याजोगी गोष्ट मानली. शुद्ध पाण्यात हृदय मरते आणि मळक्या पाण्यात जगते, तर त्या मळात आहे तरी काय?

लंडनच्या त्या भागास न्यू रिव्हर कंपनी पाणी पुरवीत असे. 'न्यू रिव्हर' ही नावाने नदी असली तरी खरे पाहता तो एक कालवा होय. सर ह्यू मिडल्टन यांच्या खटपटीने तो 1613 साली पुरा झाला, आणि हर्टफर्डशायर परगण्यातील झऱ्यांचे पाणी त्याने लंडनात आणिले. ते झरे खडूच्या, म्हणजे पांढऱ्या चुनखडीच्या थरांतून उगम पावतात. त्यामुळे त्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. आमच्याकडे ज्या विहिरींच्या पाण्याने भांड्यांना पांढरे किटण चढते व डाळ शिजत नाही, तशाच जातीचे ते जड पाणी. रिंगर यांनी पृथक्करणाचा आधार घेतला तेव्हा दहा लाख भाग पाण्यात कॅल्शियम, म्हणजे चुन्याचे मूलद्रव्य, सुमारे 38 भाग असल्याचे दिसून आले. मग त्यांनी शुद्ध पाण्यात मीठ घालून तेवढाच चुन्याचा क्षार मिसळून पाहिला. थांबत आलेले हृदय पुन्हा उडू लागले.

तथापि चुना एकटाच पुरेसा नव्हता. केवळ मीठ व चुना यांच्या पाण्यात हृदयाचे आकुंचन लांबत जाई, ते नीट सैल पडेना, आणि शेवटी ते आवळलेल्या मुठीसारखे होऊन बसे. त्यात पोटॅशियमचा किंचित अंश घातला की ठोका पुन्हा नियमित होई. उलट पोटॅशियम अधिक झाले तर हृदय ढिले पडून थांबे. म्हणजे एक आवळणारा, दुसरा सोडविणारा. दोघांचे प्रमाण बिघडले की खेळ संपला. सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियम या तिघांच्या क्षारांचे ठराविक मापाचे, किंचित अल्कधर्मी पाणी, हाच तो जगप्रसिद्ध 'रिंगर यांचा द्राव' होय. 1885 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस आपले सभासद करून घेतले.

त्यांच्या चरित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे आम्हास प्रशस्त वाटत नाही. ज्या 1883 साली त्यांनी इतक्या सरळपणाने आपली चूक दुरुस्त केली, त्याच वर्षी मरेल नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी सोडियम नायट्राइट या पदार्थाविषयी एक निबंध लिहिला. रुग्णालयात औषधासाठी आलेल्या काही रोग्यांस तो पदार्थ देऊन त्याचा विषारी परिणाम त्यांनी पाहिला होता. निबंध बाहेर पडताच वर्तमानपत्रांत गिल्ला झाला, आणि तो झाला हे योग्यच झाले, असे आमचे मत आहे. गरीब रोगी विश्वासाने दाराशी येतो; त्याला न विचारता त्याच्या शरीरावर परीक्षा करणे हा विश्वासघात होय. त्या काळी असे करण्याची चाल होती हे खरे. पण चालीमुळे एखादे कृत्य समजण्याजोगे होते. निर्दोष होत नाही. बेडकाच्या हृदयाबाबत इतकी सूक्ष्म दृष्टी असलेल्या पुरुषास ही गोष्ट दिसू नये, याचे आम्हास वाईट वाटते.

चुन्याचा छंद मात्र त्यांनी पुढेही सोडला नाही. त्यांनी लहान मासे शुद्ध पाण्यात ठेवून पाहिले. ते काही तासांत मरत. चुन्याचा क्षार घातलेल्या पाण्यात ते कितीतरी अधिक काळ तग धरीत. बेडकाची पिले, चिखलातील बारीक किडे, रक्ताचे गोठणे, सर्वत्र त्यांनी हाच एक प्रश्न विचारला. 1890 सालचे त्यांचे दुधावरील प्रयोग आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहेत. वासराच्या जठरातून निघणाऱ्या रेनेट नामक द्रव्याने दूध फाटून घट्ट होते, व त्याचे चीज करितात. रेनेट हे एक विकर, ज्याला हल्ली सर्वत्र एन्झाइम म्हणतात, ते होय. म्हणजे स्वतः न खर्चता रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. रेनेट आपले काम करते खरे. परंतु दुधात चुना नसेल तर दूध मुळीच घट्ट होत नाही. विकराचे काम आणि चुन्याचे काम अशी गाठ येथे डोळ्यांना दिसेल अशी पडलेली होती.

परंतु पेशीच्या आत, प्रत्येक ठोक्यागणिक, हा चुना करतो तरी काय? याचे उत्तर रिंगर यांच्या हयातीत मिळाले नाही. मिळण्याजोगी साधनेच नव्हती. ते उत्तर आज आपल्या हाती आहे, आणि ते सांगितल्यावाचून त्यांच्या कामाचे मोल कळणार नाही, म्हणून थोडे विषयांतर करण्याची परवानगी असावी. 1947 साली अमेरिकेत हाइलब्रन व वियर्सिन्स्की यांनी स्नायूच्या तंतूंत निरनिराळे क्षार टोचून पाहिले, तेव्हा तंतू आखडला तो कॅल्शियमने. 1960 नंतरच्या दशकात जपानमधील एबाशी यांनी त्याचे रहस्य उलगडले. स्नायूत मायोसिन नावाचे प्रथिन असते. तेच विकरही आहे. एटीपी नामक इंधनाचा तुकडा पाडून त्या शक्तीने ते शेजारच्या तंतूस ओढते. परंतु त्या तंतूवर एक खीळ बसविलेली असते. कॅल्शियमचे कण येऊन ट्रोपोनिन नामक प्रथिनास चिकटले, की खीळ सरकते व ओढ सुरू होते. कॅल्शियम हटला की खीळ पुन्हा बसते व हृदय सैल पडते. हटविण्याचे काम करणारे पंपही विकरेच आहेत, व तेही एटीपी खर्च करितात. स्वस्थ पेशीच्या आत मोकळा कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजारपट कमी असतो. म्हणूनच दार किंचित किलकिले झाले तरी आत मोठा इशारा पोहोचतो. बेडकाच्या हृदयास तो इशारा बाहेरच्या पाण्यातून लागतो, आणि शुद्ध पाण्यात तो येणार कोठून?

हे केवळ हृदयापुरतेच नाही. 1970 साली अमेरिकेत च्युंग व जपानात काकिउची यांनी निरनिराळे काम करीत असता एक लहानसे प्रथिन शोधून काढले. त्यास पुढे कॅल्मोड्युलिन हे नाव मिळाले. कॅल्शियमचे चार कण धरले की त्याचा आकार बदलतो, आणि मग ते अनेक विकरांना जाऊन बिलगते व त्यांना जागे करते. तसेच स्निग्ध द्रव्यांचे. पेशीभोवतीचा पडदा स्निग्ध द्रव्यांचा असतो, हे विद्यार्थ्यांनी वाचले असेल. तो केवळ भिंतीसारखा निर्जीव आडोसा आहे, असा पुष्कळ काळ समज होता. 1953 साली होकिन दांपत्यास असे आढळले की ग्रंथीच्या पेशीस बाहेरून इशारा मिळताच त्या पडद्यातील एका विशिष्ट स्निग्ध द्रव्याची झपाट्याने उलाढाल होते. आज आपण जाणतो की इशारा मिळताच एक विकर त्या द्रव्याचे दोन तुकडे पाडते. एक तुकडा पाण्यात विरघळून पेशीच्या आत जातो व तेथील कोठारातून कॅल्शियम सोडवितो. दुसरा तुकडा स्निग्ध असल्यामुळे पडद्यातच राहतो. जपानमधील कोबे येथे निशिझुका यांनी 1977 ते 1979 च्या सुमारास प्रोटीन कायनेज सी नावाचे जे विकर शोधले, ते या दोन्ही तुकड्यांची वाट पाहत बसलेले असते. कॅल्शियम त्याला पडद्याकडे नेतो, आणि पडद्यातील स्निग्ध तुकडा त्याला कामास लावतो. दोन किल्ल्यांनी उघडणारी तिजोरी असते, तसे. पाण्यात विरघळणाऱ्या तुकड्याने कॅल्शियम सुटतो, हे 1983 साली सिद्ध झाले. रिंगर यांच्या दुरुस्तीपासून बरोबर शंभर वर्षांनी.

रिंगर यांच्या द्रावातही काळानुसार फेरफार होत गेले. लॉक यांनी सस्तन प्राण्यांच्या हृदयासाठी त्यात साखर घातली. 1930 नंतर अमेरिकेतील सेंट लुइस येथील बालरोगवैद्य अलेक्सिस हार्टमन यांनी, जुलाबाने सुकून गेलेल्या मुलांच्या रक्तातील आम्लता कमी व्हावी म्हणून, त्यात सोडियम लॅक्टेट मिसळले. तीच आजची आर. एल. ची बाटली. तिच्या एक लिटर पाण्यात साधे मीठ 6 ग्रॅम असते, लॅक्टेट सुमारे 3 ग्रॅम असते, आणि चुन्याचा क्षार अवघा 200 मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीत मावेल त्याहूनही कमी. पटकीच्या रोग्याच्या शरीरातील पाणी ओसरून नाडी लागेनाशी होते, तेव्हा हेच पाणी शिरेतून वेगाने देतात. आमच्या देशात पटकीने पूर्वी गावेच्या गावे ओस पाडली, हे आमच्या वाचकांनी आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून ऐकले असेल; म्हणून या बाटलीची थोरवी त्यांना निराळी सांगावयास नको.

आता त्यांच्या घरच्या गोष्टी. 1867 साली त्यांचा विवाह यॉर्कशायरमधील डार्ली घराण्यातील ॲन यांच्याशी झाला. त्यांस दोन कन्या झाल्या. त्यांपैकी ॲनी ही लहानपणीच वारली. मुलांच्या रुग्णालयात वर्षानुवर्षे परक्यांची लेकरे तपासलेल्या बापास आपले लेकरू वाचविता आले नाही. त्या दुःखाविषयी आम्ही अधिक काय लिहावे! यॉर्कशायरच्या माळरानाच्या कडेला लास्टिंगहॅम नावाचे एक खेडे आहे. तेथे 654 साली संत सेड यांनी मठ स्थापिला होता, आणि त्या जागी अकराव्या शतकातील एक पुरातन देऊळ, त्याखालील दगडी तळघरासह, उभे आहे. ते मोडकळीस आले होते. मुलीच्या स्मरणार्थ रिंगर यांनी पदरचा पैसा खर्चून 1879 साली पिअर्सन नामक नामांकित शिल्पकाराच्या हातून त्याचा जीर्णोद्धार करविला, व त्यावर दगडी घुमटाकार छत चढविले. बेडकाच्या हृदयाचे ते प्रसिद्ध प्रयोग त्यानंतर तीनच वर्षांनी झाले, हे तारखा शेजारी शेजारी मांडल्यावाचून ध्यानात येत नाही.

1900 साली नोकरीतून निवृत्त होऊन ते त्याच खेड्यात राहावयास गेले. पत्नी त्यापूर्वीच निवर्तली होती. लंडनमधील मोठा धंदा, विद्यार्थ्यांची गर्दी, प्रयोगशाळा, सर्व मागे राहिले. 14 ऑक्टोबर 1910 रोजी त्यांनी देह ठेवला. लास्टिंगहॅमच्या देवळाच्या आवारात, पत्नी व ॲनी यांच्याजवळ, त्यांना पुरण्यात आले.